हंगामाची घाई नको : मैदान पुन्हा उघडताना वाचकांचे प्रश्न

मार्च 2020 मध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली, त्याच्या थोडेच आधी राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना संपला होता आणि त्याचा शेवटचा दिवस प्रेक्षकांविना खेळवावा लागला होता. त्यानंतरचा 2020-21 चा रणजी हंगाम झालाच नाही. 1934 पासून, अगदी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही, खंड न पडलेल्या स्पर्धेची ही गत झाली, तर तालुक्याच्या ठिकाणच्या वर्गणीवर चालणाऱ्या क्रिकेट क्लबांचे काय झाले असेल ते सांगायला नको. आता ऑक्टोबर 2021 मध्ये शाळा आणि देवळे उघडली आहेत, पाऊस परतीच्या वाटेवर आहे, आणि या महिन्यातील बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत : क्लब पुन्हा सुरू करायचा आहे, तर सुरुवात कोठून करावी? पत्रे संक्षिप्त करून खाली दिली आहेत. निर्बंधांचे नियम जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे असून ते बदलतही असतात, त्यामुळे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांचा अथवा पालिकेचा ताजा आदेश पाहूनच पुढचे पाऊल टाकावे, हे प्रत्येक उत्तरात गृहीत धरावे.

प्रश्न : आमच्या क्लबची मातीची खेळपट्टी दोन पावसाळे तशीच पडून आहे. गवत गुडघ्यापर्यंत वाढले आहे आणि एका बाजूला घुशींनी बिळे केली आहेत. सभासदांचा आग्रह असा, की दिवाळीपूर्वी निदान एक सामना झालाच पाहिजे. ते शक्य आहे का? (एका क्लबचे सचिव, सातारा जिल्हा)

उत्तर : शक्य आहे, पण करू नये. दिवाळी 4 नोव्हेंबरला आहे. आज कामाला हात घातला तरी आपल्या हाती चार आठवडे उरतात आणि त्यातील पहिले दोन केवळ साफसफाई व दुरुस्ती यांतच जातील.

सर्वप्रथम सगळे गवत सरसकट खरवडून काढण्याचा मोह टाळावा. हरळी ही खेळपट्टीची मित्र आहे. तिची मुळे माती धरून ठेवतात. ती कापायची, उपटायची नाही. लव्हाळा आणि गाजरगवत मात्र मुळासकट काढावे लागते आणि लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी राहिल्या तर तो पंधरा दिवसांत पुन्हा डोके वर काढतो, म्हणून हे काम यंत्राने न करता खुरप्याने, बसून, हातानेच करावे. घुशींची बिळे वरवर माती लोटून बुजवू नयेत. बीळ जेथपर्यंत गेले असेल तेथपर्यंत खणून, खेळपट्टीला वापरलेलीच माती चाळून, थोडी ओली करून, पातळ थर एकेक ठोकत भरावी. दुसरीकडची माती आणून भरली, तर ती वेगळ्या गतीने वाळते, कडेने तडा जातो आणि नेमक्या त्याच जागेवर पडलेला चेंडू फलंदाजाच्या हनुवटीशी येतो. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे ही खबरदारी आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे.

त्यानंतर दोरी लावून उतार पाहावा. खेळपट्टीची लांबी 22 यार्ड म्हणजे 20.12 मीटर, रुंदी 3.05 मीटर. एवढ्या जागेत दोन पावसाळ्यांत पाणी कोठे साचले हे मातीच्या रंगावरूनही कळते. समपातळी झाली की पाणी द्यावे, आणि मग थांबावे. बहुतेक क्लबांचे चुकते ते येथेच. रोलर फिरवण्याची वेळ घड्याळ सांगत नाही, माती सांगते. बोटभर खोलीवरची माती उकरून मुठीत दाबावी. ती बोटांना चिकटली तर रोलरलाही चिकटणार आणि वरचा पापुद्रा उचलून येणार. दाबल्यावर भुगा झाला तर रोलर फिरवून उपयोग नाही, केवळ डिझेल आणि घाम वाया. गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, ही योग्य अवस्था. त्या अवस्थेत प्रथम हलका रोलर, अगदी सावकाश, आणि पुढच्या दिवसांत हळूहळू वजन वाढवत न्यावे. पहिल्याच दिवशी जड रोलर चढवला तर वरचा थर घट्ट होतो आणि खालची माती भुसभुशीतच राहते. अशी खेळपट्टी दिसायला आरशासारखी असते आणि दुसऱ्या डावात फुटते.

माझा सल्ला असा, की खंडेनवमीला रोलरला हळदकुंकू वाहून काम सुरू करावे आणि सभासदांना पहिल्या सामन्यासाठी डिसेंबरचा पहिला रविवार सांगावा. सात आठवड्यांचा हा हिशेब केवळ मातीचा नाही. तो गोलंदाजांच्या पाठीचाही आहे, आणि त्याविषयी पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर सिमेंटची खेळपट्टी असून तिच्यावर काथ्याची मॅटिंग टाकतो. तिच्यासाठीही एवढीच तयारी लागते का? (क्रीडाशिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : एवढी नाही. सिमेंटवर शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासून काढावे, आणि सांध्यात भेगा असतील तर त्या भरून घ्याव्यात. मॅटिंग मात्र उलगडून दोन दिवस कडक उन्हात टाकावी आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहावे. कोकणातल्या दमट हवेत गुंडाळून ठेवलेली चटई आतून कुजलेली असते आणि वरून ते कळत नाही. विरलेली जागा चेंडू टप्पा घेतो त्या पट्ट्यात असेल तर चटईची बाजू फिरवून तो भाग गोलंदाजाच्या मागे न्यावा. ती ताणूनच बसवावी. एका सुरकुतीने चेंडूची उसळी बदलते.

नेटची जाळी तपासल्याशिवाय मात्र मुलांना आत सोडू नये. नायलॉनची दोरी उन्हात आणि पावसात राहिली की दिसते तशीच राहते, पण तिची ताकद जाते. प्रत्येक दोन-तीन हातांवर दोन्ही मुठींत धरून जोराने ओढावी. बोटांत पांढरी भुकटी उरली किंवा धागे सुटले, तर ती जाळी बाद समजावी. शेजारच्या नेटमध्ये पाठमोरा उभा असलेला मुलगा त्या जाळीच्या भरवशावर असतो.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून वेगवान गोलंदाज आहे. दीड वर्षात त्याची उंची बरीच वाढली. सराव सुरू झाल्यापासून तो रोज दोन-दोन तास गोलंदाजी करतो आणि गेल्या आठवड्यापासून कमरेत डावीकडे दुखते म्हणतो. प्रशिक्षक म्हणतात, सवय मोडल्यामुळे अंग दुखणारच. काय करावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आज त्याची गोलंदाजी थांबवावी आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना, शक्यतो खेळाडूंवर उपचार करणाऱ्यांना, दाखवावे. दुखणे स्नायूंचेच निघाले तर उत्तमच. परंतु उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलाला कमरेत डाव्या बाजूला, विशेषतः पाठ मागे वाकवताना दुखत असेल, तर मणक्याच्या हाडाला ताणामुळे जाणाऱ्या तड्याची म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका प्रथम घ्यावी लागते. साध्या एक्स-रेमध्ये हा तडा सुरुवातीला दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. वेळीच विश्रांती मिळाली तर हाड भरून येते. दुर्लक्ष केले तर अख्खा हंगाम, कधी त्याहून अधिक, जातो. जसप्रीत बुमराला 2019 मध्ये याच कारणासाठी बाहेर बसावे लागले होते, आणि त्याच्यामागे तर फिजिओंचा ताफा असतो.

हे पत्र एका घरचे असले तरी प्रश्न प्रत्येक क्लबचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने मे 2020 मध्ये खेळ पुन्हा सुरू करण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत गोलंदाजांसाठी वेगळा हिशेब होता : ट्वेन्टी-ट्वेन्टीसाठी निदान पाच ते सहा आठवडे, एकदिवसीय सामन्यांसाठी निदान सहा आणि कसोटीसाठी आठ ते बारा आठवड्यांची तयारी. हा कालावधी व्यावसायिक खेळाडूंसाठी आहे, जे टाळेबंदीतही घरी व्यायाम करत होते. आपल्या क्लबमधला मुलगा मोबाइलवर शाळा करत बसला होता आणि त्याला आपण पहिल्याच रविवारी नवा चेंडू देतो.

रोलर आणि गोलंदाज यांचे गणित एकच आहे : भार पायरीपायरीने चढवायचा आणि मध्ये विसावा द्यायचा. सरावाच्या पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, अर्ध्या रनअपने, चारच षटके पुरेत. एखाद्या आठवड्यात टाकलेले चेंडू मागील चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीवर गेले की दुखापतीचा धोका वाढतो, असे या विषयातले जाणकार सांगतात. दीड वर्ष बसून असलेल्या मुलाची सरासरी शून्य असते हे लक्षात घ्यावे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजांसाठी वयोगटानुसार मर्यादाच घालून दिल्या आहेत. तेराव्या वर्षापर्यंत सलग एका टप्प्यात, म्हणजे स्पेलमध्ये, पाच आणि दिवसात दहा षटके, चौदा-पंधरा वर्षांखालील गटांत सहा आणि बारा, सोळा-सतरा वर्षांखालील गटांत सात आणि अठरा. आपल्याकडे कर्णधार चांगल्या गोलंदाजाच्या हातून चेंडू काढून घेत नाही, आणि नेटमध्ये टाकलेले चेंडू तर कोणी मोजतच नाही. एक वही ठेवावी. नाव, तारीख, चेंडू, एवढे तीन रकाने पुरतात. मुलांनाच लिहायला लावावे. ती प्रशिक्षकांपेक्षा प्रामाणिकपणे लिहितात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी 41 वर्षांचा असून क्लबचा सलामीचा फलंदाज आहे. मे महिन्यात मला करोना झाला, पाच दिवस ऑक्सिजनवर होतो. आता पूर्ण बरा आहे, दोन्ही डोस झाले आहेत. पण दोन धावा पळून काढल्या की छातीत धडधडते. हे वयामुळे की आजारामुळे? (ठाणे)

उत्तर : वयामुळे असेल, वजनामुळे असेल किंवा आजाराचा अंश राहिला असेल, मैदानावर बसून ते कोणालाही सांगता येणार नाही. करोनानंतर काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूंना सूज राहते, आणि अशा अवस्थेत जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. तेव्हा फिजिशियनकडे जाऊन ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास टू-डी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. तो अहवाल येईपर्यंत क्लबमध्ये जरूर जावे, यष्ट्यांमागे खुर्ची टाकून धावफलक लिहावा, पण पॅड बांधू नयेत.

अनुमती मिळाल्यावरही थेट नेटमध्ये न जाता आधी चालणे, मग हलके धावणे, मग थ्रो-डाउनवर, म्हणजे जवळून हाताने फेकलेल्या चेंडूंवर, फलंदाजी, आणि शेवटी धावा पळणे, असा क्रम ठेवावा. छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा श्रमाच्या मानाने जास्त दम यांपैकी काहीही झाले की त्याच दिवशी थांबावे. कर्णधारांनाही विनंती आहे, की आजारातून उठलेल्या सभासदाची ‘काय रे, एवढ्यात दमलास?’ अशी थट्टा करू नये. ती ऐकू नये म्हणून माणसे नको तेवढी धावतात.

प्रश्न : चेंडूला थुंकी लावायची नाही हे समजले. परंतु दर षटकानंतर चेंडू सॅनिटायझरने पुसायचा का? आमच्या जिल्हा स्पर्धेच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला. (पंच, सोलापूर)

उत्तर : आधी नियम. जून 2020 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत चेंडूला लाळ लावण्यास बंदी आहे, घाम चालतो. सवयीने बोट तोंडाशी जातेच, म्हणून पंच प्रथम समज देतात. संघाला दोनदा ताकीद देऊनही पुन्हा घडले तर प्रतिस्पर्ध्यांना पाच धावा मिळतात. खेळाडूंनी टोपी, स्वेटर, गॉगल पंचांच्या हाती द्यायचे नाहीत, हीदेखील त्या वेळची सूचना आहे. आपल्या स्पर्धेत हेच ठेवावे आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगून टाकावे.

आता वादाचा मुद्दा. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी जून 2020 मध्ये संसदेत क्रिकेटच्या चेंडूला रोगाचा नैसर्गिक वाहक ठरवले आणि त्यामुळे तेथील गावोगावचे क्लब आणखी काही दिवस बंद राहिले. 11 जुलैला त्यांना परवानगी मिळाली ती दर सहा षटकांनी हात व चेंडू स्वच्छ करण्याच्या आणि चहापान बंद ठेवण्याच्या अटीवर. तेव्हापासून ज्ञान पुढे गेले आहे. हा रोग मुख्यतः हवेतून, माणसाच्या श्वासातून पसरतो आणि वस्तूंना हात लावल्याने होणारा धोका त्या मानाने बराच कमी आहे, हे आता स्पष्ट आहे. सॅनिटायझरने वरचेवर पुसलेल्या सीझन बॉलचे चामडे मात्र निश्चितपणे खराब होते. ड्रिंक्सच्या वेळी सर्वांनी हात साबणाने धुवावेत, एवढे पुरे.

आपल्या बैठकीत दोन तास ज्यावर बोलायला हवे होते तो विषय वेगळा आहे : परगावच्या सामन्याला संघ जातो कसा? एका सुमोत दहाजण, मांडीवर किट, काचा वर, गाण्यांचा आवाज मोठा आणि प्रत्येकजण त्यावर ओरडून बोलणारा. दीड तास मैदानात पाच-पाच मीटरवर उभे राहून जे साधले ते या प्रवासात धुऊन जाते. दोन गाड्या कराव्यात, काचा उघड्या ठेवाव्यात, प्रवासात मास्क असावा. मुंबईत ऑगस्ट 2021 पासून लोकलने जाणाऱ्यांना दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस झाल्याशिवाय पास मिळत नाही, त्यामुळे संघ निवडताना तेथील क्लबांना हाही विचार करावा लागतो. जेवण पत्र्याच्या खोलीत पंगत मांडून न करता झाडाखाली, ज्याचा त्याचा डबा, असे ठेवावे. खेळताना मात्र मास्क लावण्याचा आग्रह धरू नये. धावताना तो ओला होतो आणि श्वास अडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला जोराच्या व्यायामात मास्क नको असाच आहे.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये आठ ते चौदा वयाची तीस मुले सरावाला येत असत. मुलांना अद्याप लस नाही, त्यामुळे पालक कचरतात. शिवाय क्लबची सहाच हेल्मेटे आहेत. (प्रशिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : बारा वर्षांवरील मुलांसाठी झायकोव्ह-डी या लशीला ऑगस्ट 2021 मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आहे, पण ऑक्टोबर 2021 मध्ये प्रत्यक्ष लसीकरण अजून सुरू नाही. त्यामुळे मुलांभोवतीच्या मोठ्या माणसांनी दोन्ही डोस घेणे हेच आज हाती आहे. कोविशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर असते, त्यामुळे ज्यांचा पहिलाच डोस ऑगस्टमध्ये झाला ते प्रशिक्षक नोव्हेंबरपर्यंत पूर्ण लसवंत होत नाहीत. त्यांना तोपर्यंत मैदानाच्या कामावर घ्यावे. मुलांचे दहा-दहांचे तीन गट करावेत आणि गट बदलू नयेत. सोडायला येणारे पालक नेटच्या मागे घोळका करून गप्पा मारतात, त्यांनी फाटकाबाहेर थांबावे. मुलांपेक्षा हा घोळका आवरणे कठीण जाते, हे आपणास सांगण्याची गरज नाही.

हेल्मेटाविषयी मी थोडा कडक आहे. घामाने भिजलेले हेल्मेट एकाच्या डोक्यावरून काढून लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे हे करोनापूर्वीही चूकच होते. उवा आणि खरूज यांना कोणत्याही साथीची वाट पाहावी लागत नाही. फलंदाजी करणारी एका वेळी दोन-तीनच मुले असतात, तेव्हा दहांच्या गटाला सहा हेल्मेटे पुरवता येतात : प्रत्येक सत्रात एक हेल्मेट एकाच मुलाला, आणि त्या दिवशी फलंदाजी फक्त त्या सहांची. उरलेली चार त्या दिवशी क्षेत्ररक्षण आणि गोलंदाजी करतील व पुढच्या सत्रात पाळी घेतील. तसे पाहता मुलांना याचा फायदाच होतो, कारण आपल्याकडे झेल घेण्याचा सराव कोणी मनापासून करत नाही.

दीड वर्ष कपाटात पडलेले साहित्य वाटण्यापूर्वी एक गोष्ट करावी. मुलांना रांगेत उभे करून जुने पॅड आणि जुनी बॅट देऊन पाहावी. 2020 मध्ये गुडघ्यावर बसणारे पॅड आता नडगीवर येतील, बूट तर कोणालाच होणार नाहीत. आखूड बॅटने खेळणारा मुलगा वाकून खेळू लागतो आणि ती सवय मग जात नाही. विलोच्या बॅटला वाळवी लागली नसेल, तर बारीक काचपेपर मारून कच्च्या अळशीच्या तेलाचा हलका हात द्यावा, स्टिकरवर आणि मुठीच्या सांध्यावर देऊ नये, आणि आडवी ठेवून वाळू द्यावी. बुरशी आलेले ग्लोव्हज उन्हात टाकून सुधारले तर ठीक, आतून कडक झाले असतील तर फेकून द्यावेत.

प्रश्न : क्लब दीड वर्ष बंद होता. त्या काळाची वर्गणी मागावी का? अर्धे सभासद म्हणतात, खेळलोच नाही तर पैसे कसले? दुसरीकडे माळ्याचा पगार सात महिन्यांचा थकला आहे. (खजिनदार, अहमदनगर जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात वर्गणी आधी आणि माळी नंतर आला आहे, मी उत्तर उलट क्रमाने देतो. माळ्याचे सात महिन्यांचे पैसे हे क्लबचे देणे आहे. सभासदांनी वर्गणी दिली म्हणून ते द्यायचे आणि नाही दिली म्हणून राहू द्यायचे, असे ते नाही. मैदान बंद होते तरी त्याने फाटकाला कुलूप लावले, गुरे हाकलली, पावसात ताडपत्री बांधली. ती रक्कम पहिल्या सामन्याच्या आधी, एकरकमी, चेकने द्यावी. बँकेत शिल्लक नसेल तर कार्यकारिणीच्या सभासदांनी आपसांत उसने काढून द्यावे आणि क्लबकडून मागाहून घ्यावे. ज्या क्लबने माळ्याला सात महिने थांबवले त्याची खेळपट्टी डिसेंबरपर्यंत तयार होणार नाही, हा व्यवहारही आहेच.

वर्गणीबाबत प्रथम क्लबची घटना पाहावी. वर्गणी माफ करण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे की सर्वसाधारण सभेला, हे तेथे लिहिलेले असते. माझे मत विचाराल, तर बंद काळातला खर्च दोन भागांत मांडावा : खेळ झाला असता तरच झाला असता असा, उदाहरणार्थ चेंडू आणि पंचांचे मानधन, आणि खेळ न होताही झालेला, म्हणजे पगार, वीज, जागेचे भाडे. दुसऱ्या भागाची विभागणी सभासदांवर करावी, पहिला भाग सोडून द्यावा. हिशेबाचा कागद फाटकावरच्या फळ्यावर लावला की निम्मी कुरबुर आपोआप थांबते.

क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. मार्च 2020 व मार्च 2021 अखेरच्या हिशेबांची तपासणी झाली आहे का, आणि या काळात पदाधिकारी बदलले असल्यास त्याचा बदल अर्ज, ज्याला सर्वजण चेंज रिपोर्ट म्हणतात, दिला आहे का. कायद्याने तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असल्यास विलंब माफीच्या अर्जासह द्यावा, आणि हे काम वकिलांकडून करून घ्यावे. उद्या मैदानाच्या जागेचा कराराचा प्रश्न आला, की सर्वप्रथम हाच कागद मागतात.

प्रश्न : सर, मी पंधरा वर्षांचा आहे. चौदा वर्षांखालील जिल्हा संघात माझी निवड होणार होती, पण स्पर्धाच झाली नाही. आता सोळा वर्षांखालील गटात मला मोठ्या मुलांबरोबर खेळावे लागेल. माझे नुकसान झाले आहे का? (औरंगाबाद)

उत्तर : झाले आहे. ते नाकारून तुला धीर देण्यात अर्थ नाही. पण ते एकट्या तुझे नाही. मागच्या हंगामात सोळा वर्षांखालील मुलांची विजय मर्चंट स्पर्धाही झाली नाही, म्हणजे तुझ्यापुढच्या मुलांचे तर शेवटचे वर्ष गेले आणि त्यांना आता त्या गटात खेळताही येणार नाही. निवड समितीला हे माहीत आहे, आणि या वर्षी कोणाकडेच सांगायला धावा नाहीत. त्यामुळे चाचणीच्या दिवशी तू कसा दिसतोस याला नेहमीपेक्षा अधिक महत्त्व राहील. पाय हलतात का, चेंडू अंगाजवळ खेळतोस का, दुसऱ्याची फलंदाजी चालू असताना क्षेत्ररक्षणात जागा असतोस का, हे पाहिले जाईल.

प्रवीण तांबे मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे लेगस्पिन टाकत राहिला आणि एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता वयाच्या 41 व्या वर्षी, 2013 मध्ये, आयपीएलमध्ये उतरला. पुण्याचा केदार जाधव 29 वर्षांचा असताना पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला. ही अपवादात्मक उदाहरणे आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. मात्र पंधराव्या वर्षी एक स्पर्धा हुकली म्हणून दार बंद होत नाही, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते. मोठ्या मुलांच्या वेगाची भीती वाटत असेल तर ती तुझ्या प्रशिक्षकांना स्पष्ट सांग, आणि टेनिस बॉल ओला करून सिमेंटवर पंधरा-सोळा यार्डांवरून खेळण्याचा सराव कर. हा जुना उपाय आहे आणि फुकटचा आहे.

प्रश्न : येथील एका पुढाऱ्यांनी क्लबच्या मैदानावर डिसेंबरमध्ये टेनिस बॉलची मोठी स्पर्धा भरवण्याचा प्रस्ताव दिला आहे. क्लबला देणगी मिळेल, पण गर्दी होईल आणि खेळपट्टीही त्यांना हवी आहे. नकार देणे अवघड आहे. (कार्यकारिणी सदस्य, सांगली जिल्हा)

उत्तर : निवडणुका जवळ आल्या की क्रिकेटवरचे प्रेम उफाळून येते, हा जुना रिवाज आहे आणि क्लबला पैशाची गरज आहे हेही खरे. म्हणून नकार न देता अटी द्याव्यात, आणि त्या लेखी द्याव्यात. स्पर्धा मुख्य खेळपट्टीवर होणार नाही. तिच्यापासून दूर, मैदानाच्या कडेला मॅटिंग टाकून होईल. नुकती दाबलेली माती दिवसाला आठ-आठ सामने सहन करत नाही आणि एकदा गोलंदाजांच्या पायांनी खड्डे पडले की जानेवारीचे सामने गेले. प्रेक्षकांच्या संख्येबाबत पोलीस आणि पालिका यांची परवानगी आयोजकांनी त्यांच्या नावावर काढावी, क्लबच्या नव्हे. देणगीची रक्कम आधी, बँकेतून आणि पावती घेऊन यावी. मंडप, व्यासपीठ व स्पीकरचे खांब सीमारेषेच्या आत रोवू नयेत, आणि बाहेर रोवलेल्या खांबांचे खड्डे चाळलेल्या मातीने भरून, ठोकून देण्यासाठी अनामत रक्कम ठेवून घ्यावी. ती परत देण्यापूर्वी माळ्याची सही घ्यावी.